हवा सोडली, पण स्प्रिंग अजून आतच आहे

सोलापूर जिल्ह्यात मोहोळ भागातल्या एका साखर कारखान्यात नुकत्याच लागलेल्या इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक मुलाचा प्रश्न आहे. हंगाम संपलाय, ऑफ सीझनचं काम सुरू झालंय आणि बॉयलिंग हाउसमधले दोन व्हॉल्व्ह त्याच्या गळ्यात पडलेत. पहिला सिरप लाइनवरचा सहा इंची बटरफ्लाय, वर रॅक-पिनियनचा स्प्रिंग रिटर्न ॲक्चुएटर, म्हणजे हवेने व्हॉल्व्ह उघडणारी आणि हवा गेली की आतल्या स्प्रिंगने तो बंद करणारी यंत्रणा. हवा काढली तरी इंडिकेटर पूर्ण बंदवर येत नाही, पंधरा-वीस अंशांवर अडकतो. दुसरा ज्यूस हीटरच्या वाफेचा तीन इंची ग्लोब कंट्रोल व्हॉल्व्ह, डायफ्रॅम (रबरी पडद्याचा) ॲक्चुएटर आणि स्मार्ट पोझिशनर (सिग्नलप्रमाणे ॲक्चुएटरला हवा देणारं उपकरण) असलेला. चार मिलीअँपियर, म्हणजे पूर्ण बंदचा सिग्नल, दिलं तरी हंगामभर वाफ पास होत होती, म्हणजे गळून पुढे जात होती. सीनियर फिटर म्हणतो, "हवा बंद कर, चार बोल्ट काढ, ॲक्चुएटर खाली घे, मग बघू." मुलगा विचारतो : काका, एवढंच करायचं का?

नाही. तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा असशील, म्हणून एकेरीतच लिहितो. मी सोळा वर्षं साखर कारखान्यांत इन्स्ट्रुमेंट विभागात काढली आणि आता अक्कलकोट रोड एमआयडीसीत व्हॉल्व्ह दुरुस्तीचं वर्कशॉप चालवतो. तू चार बोल्ट काढायच्या आधी विचारलंस, हे फार बरं केलंस.

तुझ्या फिटरच्या बोलण्यात एक गोष्ट राहून गेली आहे. हवा बंद केली की ॲक्चुएटर निवतो, असं आपण धरून चालतो. डबल ॲक्टिंग सिलिंडर (उघडायला आणि बंद करायला दोन्हीकडे हवाच लागणारा) असेल तर ते बऱ्याच अंशी खरं आहे. स्प्रिंग रिटर्नमध्ये मात्र हवा गेल्यावर स्प्रिंग मोकळी होते, आणि तिला पुढे सरकू दिलं नाही तर तिचा सगळा जोर तिथेच दबून राहतो. तुझा बटरफ्लाय पंधरा-वीस अंशांवर थांबलाय याचा अर्थ तोच. स्प्रिंग अजून ढकलते आहे आणि डिस्क, म्हणजे व्हॉल्व्हमधली फिरणारी तबकडी, तिला अडवून धरून उभी आहे.

हा जोर किती असतो ते एकदा नीट मनात बसव. मधल्या आकाराच्या डायफ्रॅम ॲक्चुएटरचं क्षेत्रफळ समज ४५० चौरस सेंटीमीटर आहे. एक किलोचा दाब (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलो, साधारण एक बार) दिला की स्टेमवर, म्हणजे ॲक्चुएटरच्या दांड्यावर, ४५० किलो येतात. म्हणजे पन्नास किलोची साखरेची नऊ पोती. बेंच सेट (स्टेम हलायला लागतो तो दाब ते पूर्ण सरकतो तो दाब) ०.२ ते १ बार असेल, तर हवा शून्य असतानाही स्प्रिंग आत नव्वद किलोंच्या आसपास दाबलेली असते. हा जोर एअर गेजवर दिसत नाही. गेज शून्य दाखवतं, आणि आत जवळपास दोन पोत्यांचा भार कुणाचा तरी हात पुढे यायची वाट बघत असतो.

हे मी पाहून शिकलो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्याच एका कारखान्यात, अशाच ऑफ सीझनमध्ये, असाच सिरपवरचा बटरफ्लाय होता. हंगाम संपताना लाइन नीट धुतली गेली नव्हती. पाकाचा साखरेसारखा कडक थर डिस्कच्या कडेला धरला होता. माझ्याबरोबरच्या फिटरने हवेची नळी काढली, आतली हवा फुस्स करून गेली, आणि त्याने ॲक्चुएटरला व्हॉल्व्हवर धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटचे बोल्ट सोडायला घेतले. तीन निघाले. चौथा सैल होताच आख्खा ॲक्चुएटर व्हॉल्व्हच्या शाफ्टभोवती फिरला. डिस्क जागची हलत नव्हती, मग स्प्रिंगने डिस्कऐवजी स्वतःची बॉडीच फिरवली. पाना बोल्टवरच होता, तो फिरून त्याच्या मनगटावर बसला. मनगटाची दोन हाडं मोडली. पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत त्याला उजव्या हाताने पाना धरता येत नव्हता. तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो आणि इंडिकेटर अर्ध्यात आहे हे मलाही दिसत होतं. दिसत होतं, पण त्याचा अर्थ कळला नव्हता.

म्हणून स्प्रिंग रिटर्न ॲक्चुएटरला हात लावण्याआधी मी पहिल्यांदा एकच बघतो : हवा नसताना तो स्वतःच्या फेल पोझिशनला (हवा गेली की जिथे जायचं ठरलेलं असतं त्या जागी) पूर्ण आलाय का? आला असेल तर स्प्रिंग स्टॉपवर टेकलेली आहे आणि शाफ्टवर भार नाही. आला नसेल तर भार शाफ्टवर आहे, आणि ब्रॅकेटचा एकही बोल्ट सोडायचा नाही. बघताना प्लॅस्टिकच्या लाल-पिवळ्या घुमटावर विश्वास ठेवू नकोस. तो स्क्रूने कुठेही फिरवून बसवता येतो आणि कित्येकदा उलटाच बसवलेला असतो. पिनियनच्या, म्हणजे ॲक्चुएटरच्या मधल्या दातेरी दांड्याच्या, टोकावरची खाच बघ. शक्य असेल तर व्हॉल्व्हच्या शाफ्टवरची रेघही बघ. डिस्कशी तीच जोडलेली आहे.

आता तुझ्या सहा इंचीकडे येऊ. तुझ्याकडे सिरप आहे, म्हणजे औषध सोपं आहे : गरम पाणी. लाइन दोन्ही बाजूंनी अडवून, निचरा करून, मग व्हॉल्व्हच्या जागेतून गरम पाणी फिरवायला सांग. साखर विरघळते. घाई करू नकोस, तासभर लागला तर लागू दे. पाणी फिरवून निचरा झाला की हवा परत जोडायची, पण सरळ हेडरची (हवेच्या मुख्य लाइनची) सहा किलो नाही. रेग्युलेटर पूर्ण सैल करून शून्यापासून हळूहळू वाढवत जायचं, डिस्क उघडत्या दिशेला हलली की हळूहळू सोडायचं. असं आठ-दहा वेळा कर. बहुतेक वेळा दर फेरीला दोन-तीन अंश मिळत जातात आणि शेवटी खाच बंदवर येते. ह्या वेळी माणसं व्हॉल्व्हपासून लांब उभी हवीत, कुणाचा हात लाइनमध्ये नको. शेजारचा फ्लँज उघडा असेल तर हे करूच नकोस. डिस्क सुटते तेव्हा ती झटक्यात मिटते आणि तिची कड बोट ठेवत नाही.

इतकं करूनही सुटली नाही, तर ॲक्चुएटर वेगळा काढायचा नाद सोड. लाइन रिकामी, थंड आणि बिनदाबाची असल्याची खात्री करून व्हॉल्व्ह आणि ॲक्चुएटर एकत्र, एकसंध, लाइनमधून बाहेर काढ. डिस्क अर्धवट उघडी असल्यामुळे तिची कड पाइपमध्ये शिरलेली असू शकते, तसं असेल तर फ्लँज नेहमीपेक्षा जास्त पसरावे लागतील. वजनाला चेन ब्लॉक लाव. मग जमिनीवर बॉडी नीट आवळून धरून, डिस्कच्या भोवतीचं साफ करून, लाकडाच्या ठोकळ्याने डिस्क मोकळी कर. बोटाने नाही. मिटायची तेव्हा ती ठोकळ्यावर मिटू दे.

आणि मोकळी झाल्यावर लगेच ॲक्चुएटर उघडायला धावू नकोस. बहुतेकदा दोष ॲक्चुएटरचा नसतोच. स्प्रिंग रिटर्नमध्ये स्प्रिंग बंद करायला लागते तेव्हा सुरुवातीला जोरात असते आणि शेवटाला सर्वांत कमजोर. बटरफ्लायला मात्र सर्वांत जास्त जोर लागतो तो शेवटच्या दहा-पंधरा अंशांत, डिस्क रबराच्या लायनरमध्ये शिरताना. म्हणून थोडा कचरा, थोडा फुगलेला लायनर एवढंही त्याला शेवटच्या टप्प्यावर अडवायला पुरतं. लायनर बघ, हाताने (अर्थात ॲक्चुएटर वेगळा करून, पान्याने शाफ्ट फिरवून) डिस्क किती जड जाते ते बघ. ती हलकी असेल आणि तरीही ॲक्चुएटर बंद करत नसेल, तेव्हा कुठे आत बघायचं.

आत बघायचं म्हणजे काय धोका आहे हेही सांगतो. एंड कव्हरच्या मागे दाबून बसवलेल्या स्प्रिंगा असतात. चांगल्या मॉडेलमध्ये कव्हरचे बोल्ट मुद्दाम लांब दिलेले असतात, म्हणजे बोल्टचे आटे संपायच्या आधी स्प्रिंगा सैल पडतात. इथेच माणसं फसतात : एखादा बोल्ट गंजून तुटला की मागच्या वेळी कुणीतरी त्याजागी हाताला लागला तो आखूड बोल्ट लावून ठेवलेला असतो. म्हणून कव्हर सोडताना चारही बोल्ट समोरासमोरचे, दोन-दोन फेरे, आळीपाळीने. तोंड कव्हरच्या समोर नको, बाजूला. आटे संपत आले आणि तरी कव्हर स्प्रिंगने ढकलल्यासारखं बोल्टवर ताणून बसलंय असं जाणवलं तर तिथेच थांब, परत आवळ आणि कंपनीचं मॅन्युअल मागव. स्कॉच-योक प्रकारचा मोठा ॲक्चुएटर असेल तर त्याचा स्प्रिंगचा डबा साइटवर उघडायचाच नसतो. त्याच्यावर तसं लिहिलेलंही असतं. तो आख्खा बदलतात किंवा कंपनीकडे पाठवतात.

आतली पिस्टन निघत नाहीत म्हणून पोर्टमधून हवा मारून बाहेर उडवायची एक पद्धत मी काही ठिकाणी पाहिली आहे. ती कधी करू नकोस. शंभर मिलीमीटरच्या पिस्टनवर सहा किलोने पावणेपाचशे किलोंच्या आसपास जोर येतो. तो पिस्टन पकडायला कुणाचाही हात पुरणार नाही. पिनियन पान्याने फिरवलं की दोन्ही पिस्टन आपोआप, सारखे बाहेर सरकतात.

काढण्याआधी मार्करने खुणा कर : पिनियनची खाच कुठे होती, कोणतं पिस्टन कुठल्या बाजूचं, दर बाजूला स्प्रिंगा किती आणि कुठल्या खळग्यात. स्प्रिंगांची संख्या हवेच्या दाबाप्रमाणे ठरलेली असते. तुमच्या लाइनला खरोखर साडेचार किलोच पोचत असतील आणि आत सहा किलोसाठीच्या स्प्रिंगा असतील, तर तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडणारच नाही, कितीही पॉलिश केलं तरी. परत बसवताना दोन्ही पिस्टनचे दात एकाच वेळी पिनियनला लागले पाहिजेत. एक दात पुढे-मागे झाला की नव्वद अंश मिळत नाहीत आणि मग लोक स्टॉप बोल्ट फिरवत बसतात.

स्टॉप बोल्टचं थोडक्यात : ते साधारण पाच अंश इकडे-तिकडे करायला दिलेले असतात, पंधरा अंशांची चूक झाकायला नाही. भार असलेला स्टॉप फिरवायचा नाही. फेल क्लोज व्हॉल्व्हचा बंदचा स्टॉप जुळवायचा असेल तर थोडी हवा देऊन स्टॉपवरचा भार काढ, लॉकनट सैल कर, अर्धा फेरा फिरव, हवा सोडून खाच बघ, परत. बोल्ट पूर्ण बाहेर कधी काढायचा नाही. काही मॉडेलमध्ये तो हवेच्या खणातच असतो, आणि हवा असताना तो निघाला तर गोळीसारखा येतो.

आता हवा आणि वीज तोडण्याबद्दल, कारण यातही एक फसवी जागा आहे. हेडरपासूनच्या नळीवरचा साधा बॉल व्हॉल्व्ह बंद केला की पलीकडची हवा आतच कोंडून राहते. निचऱ्याचं भोक असलेला व्हॉल्व्ह नसेल तर एअर सेटच्या (हवेचा फिल्टर आणि रेग्युलेटर यांच्या जोडीच्या) ड्रेनमधून किंवा गेजकडचा नट हळूच सैल करून ती हवा बाहेर जाऊ दे, आणि मग नळी दिसेल अशी सोडून बाजूला ठेव. व्हॉल्व्हजवळ छोटी टाकी दिसली तर ती शोभेची नसते. हवा गेल्यावर व्हॉल्व्ह चालवायलाच ती ठेवलेली असते, तीही रिकामी कर. लॉक-अप रिले (हवा गेली तर ॲक्चुएटरमधली हवा कोंडून व्हॉल्व्ह आहे तिथेच धरणारा) असेल तर त्याच्या पलीकडची हवा वेगळी अडकलेली असते. सोलेनॉइडचा (विजेवर चालणाऱ्या हवेच्या छोट्या व्हॉल्व्हचा) सप्लाय पॅनेलमध्ये तोडून कुलूप लाव, तुझं नाव लिहिलेलं कार्ड लाव आणि किल्ली खिशात ठेव. सोलेनॉइडवरचा हाताने दाबायचा छोटा स्क्रू '१' वर, म्हणजे कायम चालूवर, फिरवून ठेवलेला नाही ना, तेही बघ. मागच्या शिफ्टमधल्या कुणीतरी तात्पुरता फिरवलेला असतो आणि विसरलेला असतो. डीसीएसवाल्याला (कंट्रोल रूममधल्या संगणकावरच्या ऑपरेटरला) सांगून तो लूप, म्हणजे त्या व्हॉल्व्हचं स्वयंचलित नियंत्रण, मॅन्युअलला घे. आणि प्रोसेसकडून वाफ, रस, सिरप काहीही येऊ शकत नाही याची खात्री स्वतः जाऊन कर, शिफ्ट इंचार्जच्या "बंद आहे" वर नाही. डबल ॲक्टिंग बटरफ्लाय असेल तर अजून एक : दोन्ही बाजूंची हवा गेली की डिस्क मोकळी होते आणि लाइनमधला प्रवाह तिला फिरवू शकतो.

तुझा दुसरा व्हॉल्व्ह मला जास्त आवडला. त्यात जबरदस्ती करण्यापेक्षा मोजमाप जास्त आहे.

वाफ पास होते म्हटलं की सगळे प्लग-सीटकडे (व्हॉल्व्ह बंद करणारं बूच आणि ते जिथे टेकतं ती कडी) धावतात. तू आधी पोझिशनरच्या आउटपुट गेजकडे बघ. तुझा व्हॉल्व्ह हवेने उघडणारा, म्हणजे स्प्रिंगने बंद होणारा असणार. चार मिलीअँपियरला त्या गेजची सुई पूर्ण शून्यावर पडली पाहिजे. ती ०.२-०.३ बारवर रेंगाळत असेल तर पोझिशनर थोडी हवा आत धरून ठेवतोय आणि प्लग सीटवर टेकल्यासारखा दिसूनही नीट दाबला जात नाही. सीट चांगली असली तरी वाफ जाणार, आणि तशी हंगामभर जात राहिली की सीटही खराब होणार. पोझिशनरमध्ये घट्ट बंद करायचं सेटिंग असतं. सिग्नल ठरावीक टक्क्याच्या खाली गेला की तो हवा पूर्ण सोडतो. ते सेटिंग बंद ठेवलेलं असेल तर चालू कर. मी बघितलेल्या "पासिंग"च्या तक्रारींत बऱ्याच एवढ्यावर मिटल्या आहेत.

सुई शून्यावर असूनही पास होत असेल तर ॲक्चुएटरचा आणि प्लगचा स्टेम जोडणारं कपलिंग तपास. इथे होतं असं : ॲक्चुएटरचा स्टेम खाली येऊन स्वतःच्या आतल्या स्टॉपवर टेकतो आणि प्लग मात्र सीटपासून केसभर वर राहतो, किंवा नुसता टेकतो, दाबला जात नाही. स्प्रिंगचे ते नव्वद किलो प्लगपर्यंत पोचतच नाहीत. हे तपासायची सुरक्षित पद्धत अशी. रेग्युलेटरने थोडी हवा देऊन प्लग सीटवरून तीन-चार मिलीमीटर उचल. आता कपलिंगवर स्प्रिंगचा भार नाही. कपलिंगची दोन अर्धुकं सोड. प्लगचा स्टेम हाताने हळूच खाली सीटवर टेकव. मग हवा सावकाश शून्यावर आण आणि ॲक्चुएटरचा स्टेम कुठपर्यंत खाली येतो ते बघ. जोडणीच्या जागेपेक्षा आणखी तीन-एक मिलीमीटर खाली गेला तर जोडणी बरोबर होती, दोष आत आहे. जोडणीच्या जागीच थांबला तर तुझा चोर सापडला. हवा नसताना, प्लगवर भार असताना कपलिंग सोडू नकोस. स्टेम एकदम खाली बसतो आणि बोट मध्ये असलं तर तिथेच चेंगरतं.

परत जोडतानाही तेच. प्लग सीटवर, ॲक्चुएटरला हवा देऊन स्टेम तीन मिलीमीटर वर, त्या जागी कपलिंग घट्ट, मग हवा सोडायची. स्प्रिंग आता प्लगवर बसते. सीटवर टेकलेला प्लग फिरवून स्टेमची लांबी जुळवायची नाही, कधीच. प्लग फिरला की दोघांच्या कडांवर ओरखडे येतात आणि ते ओरखडे वाफ पुढच्या हंगामात खोल करून ठेवते. जोडून झालं की ट्रॅव्हलची (स्टेम किती सरकला ते दाखवणारी) पट्टी शून्यावर आण.

बेंच सेट करायचा असेल तर तो नावाप्रमाणे बेंचवर, म्हणजे प्लगपासून सुटलेल्या ॲक्चुएटरवर करायचा. नेमप्लेटवर ०.२ ते १ बार लिहिलं असेल तर ०.२ ला स्टेम नुकता हलला पाहिजे आणि १ ला पूर्ण ट्रॅव्हल झाला पाहिजे. सुरुवात चुकत असेल तर स्प्रिंगचा ॲडजस्टर फिरव. सुरुवात बरोबर आणि शेवट चुकत असेल तर ॲडजस्टरने काही होणार नाही, तिथे स्प्रिंगच चुकीची किंवा थकलेली आहे. जोर वाढवायला एअर सेटचा स्क्रू आत पिळू नकोस. डायफ्रॅमच्या खोक्याला किती दाब चालतो ते नेमप्लेटवर असतं आणि तो हेडरच्या सहा-सात किलोंपेक्षा बहुतेकदा बराच कमी असतो.

डायफ्रॅम बदलायचा झाला तर बोल्टकडे नीट बघ. पुष्कळ मॉडेलमध्ये बरेच बोल्ट आखूड आणि समोरासमोरचे दोन-तीन लांब असतात. आखूड आधी, लांब सर्वांत शेवटी, थोडे थोडे, सारखे. ज्यात स्प्रिंग योकमधल्या ॲडजस्टरवर आहे त्यात ॲडजस्टर आधी पूर्ण सैल करायचा, मगच खोकं. जुना डायफ्रॅम काढताना कुठली बाजू हवेकडे होती ते लिहून ठेव. आवळताना फार पिळलास तर रबर कडेने बाहेर येतं आणि त्याच जागी फाटतं.

तुझा डायफ्रॅम मी न बघता सांगतो, तो कडक झालेला असणार. नायट्राइल रबर साधारण ८० अंशांपर्यंत ठीक राहतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश असतात, आणि तुझा ॲक्चुएटर वाफेच्या लाइनच्या डोक्यावर उभा आहे. इन्सुलेशन कुठेतरी निघालेलं असेल तर तिथली हवा भट्टीसारखी असते. जुना डायफ्रॅम दोन बोटांत दुमडून बघ. दुमडीवर बारीक भेगा दिसल्या तर तो पुढचा हंगाम काढणार नाही. नवीन बसवण्याबरोबर खालचं इन्सुलेशनही दुरुस्त करून घे, नाहीतर वर्षभरात परत हेच काम.

प्लग-सीट उघडल्यावर नख फिरवून बघ. वाफेने कोरलेली चर नखाला लागते. नुसती धूसर असेल तर लॅपिंग पेस्टने भागतं, नख अडकलं तर मशीनिंग किंवा नवीन सेट. ग्लँडच्या (स्टेमभोवतीचं पॅकिंग दाबून धरणाऱ्या भागाच्या) नटांना पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी देऊ नकोस. जास्त आवळलेलं पॅकिंग स्टेमला धरतं, व्हॉल्व्ह अडखळत चालतो आणि ऑपरेटर लूपला दोष देतो. जोडल्यावर २५, ५०, ७५ टक्के वर जाताना आणि खाली येताना पट्टी वाच, दोन्हींत फरक पडला तर पॅकिंगकडे बघ.

शेवटी पोझिशनरचं ऑटो कॅलिब्रेशन. बटण दाबलं की व्हॉल्व्ह स्वतःहून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन-चार फेऱ्या मारतो, न विचारता, न थांबता. लाइनमध्ये वाफ असेल तर ती हीटरमध्ये जाणार. योकमध्ये बोट असेल तर ते जाणार. दाबण्याआधी मोठ्याने सांग, सगळ्यांचे हात बाहेर आलेले डोळ्यांनी बघ.

हवेबद्दलही बोललंच पाहिजे, कारण तू जे जुळवशील ते घाणेरडी हवा महिनाभरात बिघडवून टाकते. एअर सेटच्या खालचा ड्रेन उघडून बघ. पाणी आलं तर ड्रायर बघायला सांग, तेल आलं तर कंप्रेसर. पोझिशनर असलेल्या लाइनला तेल घालणारं लुब्रिकेटर लावायचं नसतं. बारीक नोझलमध्ये तेल आणि धूळ मिळून चिकट थर होतो. गळती शोधायला साबणाचं पाणी वापर, तळहात नाही.

आणि व्हेंट, म्हणजे सुटलेली हवा बाहेर जायचं तोंड. बॉयलिंग हाउसमध्ये मी एकदा दोन दिवस एका ॲक्चुएटरमागे घालवले. सोलेनॉइड टिकटिक करायचा, कॉइल चांगली, स्प्रिंग चांगली, आणि व्हॉल्व्ह बंद व्हायला दोन मिनिटं घ्यायचा. शेवटी व्हेंटचा एल्बो काढून उजेडाकडे धरला तर आत लालसर मातीची गुळगुळीत भिंत. कुंभारमाशीने घर केलं होतं, आणि त्याला सुईएवढी एक फट होती, तिच्यातून हवा हळूहळू जात होती. पेचकसाने टोकरल्यावर माती, त्यात वाळलेले कोळी आणि एक अळी बाहेर आली. बगॅसचा भुगाही असाच साचतो. ऑफ सीझनमध्ये व्हॉल्व्ह चार-सहा महिने उभे असतात, तेव्हाच ह्या माश्यांना निवांत जागा मिळते. म्हणून व्हेंटचं तोंड खाली कर, ब्रॉन्झची जाळी किंवा सायलेन्सर लाव, आणि गळीत सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी प्रत्येक व्हेंट काढून फुंकून बघ. व्हेंटला बूच मारून ठेवलेला दिसला तर आधी तो काढ.

दोन्ही व्हॉल्व्ह जोडून झाले की मी एक चाचणी केल्याशिवाय कार्डावर सही करत नाही : व्हॉल्व्ह अर्ध्यावर नेऊन हवा एकदम तोडायची आणि तो कुठे जातो ते बघायचं. मग हवा ठेवून फक्त सिग्नल तोडायचा, मग फक्त सोलेनॉइडचा सप्लाय. वाफेचा आणि सिरपचा तुझा व्हॉल्व्ह तिन्ही वेळा बंदकडे गेला पाहिजे. कुठला व्हॉल्व्ह कुठे जायला हवा हे लूपच्या कागदावर असतं. दुसरीकडे गेला तर जोडणीत किंवा सेटिंगमध्ये चूक आहे, आणि ती आज, लाइन थंड असताना सापडलेली बरी.

उद्या सकाळी बटरफ्लायला हात लावण्याआधी पिनियनच्या खाचेचा मोबाइलवर फोटो काढ, हवा जोडलेली असताना एक आणि काढल्यावर एक. गरम पाणी फिरवल्यानंतर परत एक. तिन्ही फोटो फिटरला दाखव, आणि खाच बंदवर येईपर्यंत ब्रॅकेटच्या बोल्टवर पाना चढू देऊ नकोस, कुणीही सांगितलं तरी.